तंबाखूस एकच गिऱ्हाईक : अमेरिकन टोबॅको कंपनीचा इतिहास

जिंतूर तालुका सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात चारमिनार सिगारेट सर्वांच्या परिचयाची होती. ती काढणारी वझीर सुलतान टोबॅको कंपनी हैदराबादेत १९३० साली नोंदली गेली. तिच्या भांडवलात ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या परदेशी कंपनीचा मोठा भाग आहे. ही परदेशी कंपनी जिच्यापासून निघाली त्या अमेरिकन टोबॅको कंपनीचा इतिहास, शेतकरी तंबाखू पिकवो वा कापूस, त्याने समजून घेण्याजोगा आहे.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतातील डरहॅम येथे ड्यूक घराण्याचा तंबाखूचा धंदा होता. हाताने सिगारेट वळणारा कसबी कामगार मिनिटास चार-पाच सिगारेटी करी. बॉन्सॅक या तरुणाने १८८१ साली पेटंट घेतलेले यंत्र मिनिटास सुमारे २०० सिगारेटी करी. ते वरचेवर बिघडे, म्हणून इतर कारखानदार कचरले. जेम्स ड्यूक याने मात्र ते सवलतीच्या कराराने घेतले. पुढे १८९० साली पाच मोठे कारखाने एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली व ड्यूक तिचा अध्यक्ष झाला. देशातील सिगारेटच्या धंद्याचा सुमारे ९० टक्के भाग तिच्या हाती होता. पुढे १९०२ साली इंग्रज कारखानदारांशी तडजोड होऊन ब्रिटिश अमेरिकन टोबॅको जन्मास आली.

या मक्तेदारीची झळ शेतकऱ्यास लागली. केंटकी व टेनेसी या प्रांतांच्या सीमेवर काळसर जातीची तंबाखू होते. तेथे खरेदीदारांनी मुलूख आपसांत वाटून घेतला. शेतकऱ्याच्या दारी एकच दलाल येई, आणि तो सांगेल तोच भाव! उत्पादनखर्चही निघेना, तेव्हा सप्टेंबर १९०४ मध्ये गथ्री या गावी शेतकऱ्यांनी संघ काढला. सर्वांचा माल एकत्र साठवून एकमताने विकावयाचा, अशी योजना होती. कंपनीने यावर साधाच उपाय योजला. संघाबाहेरच्या शेतकऱ्यास ती चढा भाव देऊ लागली. संघातील काहींचा संयम सुटला. मुखवटे घातलेले घोडेस्वार रात्री बाहेरच्यांच्या रोपांचे वाफे खरडून टाकीत व वखारी जाळीत. डिसेंबर १९०७ मध्ये त्यांनी हॉपकिन्सव्हिल शहरच काही तास ताब्यात घेतले. मागणी रास्त असली तरी या मार्गाने शेजारीच शेजाऱ्याचा वैरी झाला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली कंपनीचे तुकडे करविले. तरी शेतकऱ्याचे दैव फारसे पालटले नाही. निघालेल्या कंपन्यांपैकी तीन मोठ्या कंपन्यांवर पुन्हा खटला झाला व १९४६ साली त्यांची शिक्षा कायम झाली. तिन्ही कंपन्यांचे खरेदीदार हजर नसतील त्या नव्या बाजारात त्या लिलावात बोलीच लावीत नसत, असे त्यात उघड झाले. गिऱ्हाइके तीन असली तरी वागणूक एकाचीच होती. मूळ कंपनीचा तंबाखूचा धंदा १९९४ साली ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्याच एका शाखेने विकत घेतला.

भारतात या गटाची इंपीरियल टोबॅको कंपनी १९१० साली कलकत्त्यास निघाली. पानाच्या खरेदीसाठी तिने आंध्रातील गुंटूर भागात वेगळी व्यवस्था उभारली व तेथे व्हर्जिनिया तंबाखूची लागवड वाढविली. तेथील व्हर्जिनिया तंबाखूची विक्री टोबॅको बोर्डाच्या देखरेखीखाली लिलावाने होऊ लागली ती १९८५ पासून. कर्नाटकात त्यापूर्वी एक वर्ष. हे बोर्ड १९७६ साली स्थापन झाले. विडीच्या तंबाखूस मात्र हा लिलाव लागू नाही. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी भागात हीच तंबाखू पिकते. भाव वाढवून मिळावा म्हणून तेथील शेतकऱ्यांनी १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात त्यांपैकी काहींचे प्राण गेले.