मुक्या सोबत्याच्या दातांची निगा

दुकान बंद करून घरी परतलेल्या माणसाच्या पायाशी शेपटी हलवत येणारा कुत्रा आता अनेक कुटुंबांचा घटक झाला आहे. त्याचे अन्न, आंघोळ, लसीकरण यांची काळजी घेतली जाते. दातांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, की 'कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच' असे म्हणून तो विषय तिथेच संपतो. वस्तुतः ती दुर्गंधी ही रोगाची पहिली सूचना असते.

प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. जेवणानंतर काही तासांतच दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचू लागतो. लाळेतील क्षार त्यात मिसळून एक-दोन दिवसांत त्याचे कठीण कीटण बनू लागते. थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. कीटण झाल्यावर निघत नाही. पुढे जिवाणू हिरडीखाली उतरतात, हिरडी सुजते, दाताला आधार देणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. तीन वर्षे वयाच्या बहुसंख्य कुत्र्यांत हिरड्यांच्या विकाराची काही ना काही लक्षणे आढळतात. पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड यांसारख्या लहान जातींत दातांची दाटी असल्याने हा त्रास अधिक असतो.

खरी अडचण अशी, की कुत्रा वेदना लपवतो. दात दुखत असतानाही तो जेवत राहतो. एका बाजूनेच चावणे, तोंडातून घास पडणे, पंजाने तोंड घासणे, हिरड्या लाल होणे, डोळ्याखाली सूज येणे या खुणा घरच्यांनीच ओळखायच्या असतात.

'हाड चघळल्याशिवाय कुत्र्याचे दात स्वच्छ राहत नाहीत' असा एक समज आहे. शाकाहारी कुटुंबांना त्यामुळे उगाच अपराधी वाटते. हाड चघळल्याने वरवरचे कीटण काहीसे खरवडले जाते हे खरे; पण कठीण हाडाने दाढ फुटण्याचा धोका असतो आणि हाडाचा तुकडा घशात वा आतड्यात अडकू शकतो. बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या कांड्यांपैकी काही जनावरांच्या कातड्याच्या असतात आणि कुत्र्यांच्या टूथपेस्टमध्ये बरेचदा कोंबडीचा स्वाद असतो. म्हणून वेष्टनावरील घटक वाचूनच खरेदी करावी. पेस्ट न मिळाल्यास साध्या पाण्यात भिजवलेला ब्रशही उपयोगी पडतो, कारण मुख्य काम घासण्याचे असते.

माणसांची टूथपेस्ट मात्र कदापि वापरू नये. कुत्र्याला चूळ भरता येत नाही. तो सारे गिळतो. त्यातील फ्लोराइड व फेस आणणारे पदार्थ त्याला अपायकारक ठरतात. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो. तो कुत्र्याच्या पोटात गेल्यास रक्तातील साखर एकाएकी घसरते, यकृतालाही इजा होऊ शकते. खाण्याचा सोडा, मीठ, लवंगेचे तेल असे घरगुती उपायही टाळावेत.

सवय हळूहळू लावावी. पहिले काही दिवस रोज ठरलेल्या वेळी कुत्रा शांत असताना केवळ ओठ उचलून बोटाने हिरड्यांना स्पर्श करावा आणि शाबासकी द्यावी. नंतर बोटावर पेस्ट चाटू द्यावी. त्यानंतर बोटाला ओले मऊ कापड गुंडाळून दात पुसावेत आणि मग मऊ केसांचा ब्रश हाती घ्यावा. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून लहान गोलाकार फेऱ्यांनी फिरवावा. तोंड उघडण्याची जबरदस्ती करू नये. ओठ उचलून दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुरते. आतील बाजू बऱ्याच अंशी जीभच साफ ठेवते. वरच्या जबड्यातील सुळे व मागच्या मोठ्या दाढा यांवर कीटण सर्वाधिक साचते. तिथे विशेष लक्ष द्यावे. सरावाने हे काम दोन मिनिटांत होते. रोज घासणे उत्तम. ते न जमल्यास आठवड्यातून किमान तीन वेळा तरी घासावे.

कीटण घट्ट बसले असल्यास नखाने वा धातूच्या अवजाराने खरवडू नये. दाताचे कवच ओरखडते आणि हिरडीखालचा रोग तसाच राहतो. हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असेल किंवा कुत्रा तोंडाला हात लावू देत नसेल, तर घासणे थांबवून पशुवैद्याला दाखवावे. भूल देऊन केलेली सफाईच हिरडीखाली पोहोचते. एरवीही वर्षातून एकदा दातांची तपासणी करून घ्यावी.

व्यापाऱ्याला रोजमेळाचे महत्त्व सांगावे लागत नाही. रोजची नोंद रोज झाली, तर वर्षअखेरीस धांदल उडत नाही. दातांचेही तसेच आहे. फरक एवढाच, की इथे दिरंगाई मालकाची असते आणि तिची किंमत तक्रार न करणारा मुका जीव मोजतो. त्याच्यासाठी रोज दोन मिनिटे काढणे ही साधी जीवदयाच होय.