उंबरठ्यावरच्या वयाचे वाङ्मय

नववीच्या वर्गात एखाद्या मुलाच्या वहीत चिठ्ठी सापडते. पुढे काय घडते, हे शिक्षकांना आणि पालकांना सांगावयास नको. मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणे, वडिलांना निरोप, घरी मार किंवा त्याहून जिव्हारी लागणारा अबोला. ती चिठ्ठी लिहिताना त्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही. वडीलधारी माणसे ज्या विषयावर गप्प बसतात, त्याविषयी निदान वाङ्मयाने तरी बोलावे, ही अपेक्षा वावगी नाही. मराठी वाङ्मयाने ती कितपत पुरी केली आहे?

मराठीत मुलांसाठी लेखन झाले नाही, असे नव्हे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि पिढ्यान् पिढ्या त्या पुस्तकाने रडल्या. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मुलांना साहसाची गोडी लावली. परंतु श्याम आईच्या छायेत वाढणारा, तर फेणे सदा धावपळीत गुंतलेला. आईचे बोट सुटले आहे आणि संसाराचे ओझे अजून खांद्यावर आलेले नाही, अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला पुस्तके आली, ती थोडीच.

म्हणूनच मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे मोल मोठे आहे. आणीबाणीच्या काळातील एका लहानशा शहरातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी हा निवेदक आणि त्याच वर्गातील शिरोडकर. नजरानजर, शिकवणीच्या वाटेवरचे चार शब्द, मित्रांची टवाळी, एवढाच काय तो प्रेमाचा पसारा. तरीही त्या मुलाच्या लेखी ते सारे विश्व असते. मुलगी गाव सोडून जाते, तेव्हा लेखक त्या दुःखाला हसत नाही आणि ते भडकही करीत नाही. मुकुंदला मोकळेपणाने बोलता येईल असा एक मामा आहे, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. प्रत्येक घरात असा एक मामा असता, तर किती मुलांचे कोंडलेपण टळले असते!

प्रकाश नारायण संतांचा लंपन याहून लहान आणि त्याचे दुःख निराळे. 'वनवास' (१९९४) पासून 'झुंबर' पर्यंतच्या चार पुस्तकांत हा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहतो. कानडी वळणाच्या त्या सीमाभागातील मराठीत तो आपले कुतूहल, सुमीविषयीची नाव नसलेली ओढ आणि घरापासूनचे तुटलेपण सांगत राहतो. पुढे पित्याच्या मृत्यूशीही त्याची गाठ पडते. त्याचे सांत्वन उपदेशाने होत नाही. आजीआजोबांचे साधे अस्तित्व, सवयीचे घर आणि रोजचा दिनक्रम यांनीच ते जमेल तेवढे होते. जखम पुसली जात नाही, तिच्यासह जगता येते, एवढेच.

अशी पुस्तके मुलांच्या हाती देण्यास काहींचा आक्षेप असतो. 'शाळा'तील पोरांची भाषा मोकळी आहे, अभ्यासावरून लक्ष उडेल, असे ते म्हणतात. ही चिंता खोटी म्हणता येणार नाही. परंतु ती भाषा मुले पुस्तकातून शिकत नाहीत. ती मधल्या सुट्टीतच शिकलेली असतात. पुस्तक त्यांना निराळेच काही शिकविते. आपल्याला जे वाटते ते दुसऱ्यालाही वाटले होते आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, हे त्यांना तेथे कळते. शिवाय समोरची मुलगी ही जिंकावयाची वस्तू नसून तिलाही मन आहे, ही जाणीव नीतिपाठाच्या तासापेक्षा चांगल्या कादंबरीतून अधिक खोल रुजते. मुलीच्या बाजूने हेच वय सांगणारी पुस्तके मात्र आणखी हवीत. शिरोडकरला काय वाटत होते, हे आपल्याला मुकुंदच्याच डोळ्यांनी पाहावे लागते.

वाङ्मय हे औषध नव्हे. कादंबरी वाचून घरातले भांडण मिटत नाही की गेलेले माणूस परतत नाही. तथापि दुःखाला शब्द मिळाले की ते सोसण्याजोगे होते. म्हणून चिठ्ठी सापडेल त्या दिवशी शिक्षकाने छडीऐवजी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली हाती घ्यावी. ते कपाट वर्षभर कुलपात राहण्यासाठी नाही.