रिकामी खुर्ची आणि गाळ्याचे भाडे

मालाच्या किंवा सेवेच्या एखाद्या नगावर थेट टाकता येत नाही, पण धंदा चालवायचा तर टाळताही येत नाही, अशा खर्चाला वरकड खर्च म्हणतात. लेथवर कातले जाणारे लोखंड आणि कातणाऱ्या मिस्त्रीची मजुरी हा प्रत्यक्ष खर्च होय. गाळ्याचे भाडे, घरफाळा, दिवाबत्ती, हिशेबनिसाचा पगार, फायलींची कपाटे आणि दिवसातून तीनदा येणारा चहा हा वरकड खर्च होय. कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून खासबाग मैदानाच्या बाजूला पसरलेल्या मंगळवार पेठेत खाली दुकान आणि वर घर अशी रचना आजही दिसते आणि शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे वरकड खर्चाचा प्रश्न या पेठेत पुस्तकी नाही. इंटरनेटच्या आधारे काही कामे घरून करून घेतली तर वरकड खर्च किती उतरतो, याविषयी मात्र येथे आणि इतरत्रही बरेच गैरसमज रूढ आहेत.

घरून काम ही पुण्या-बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांची पद्धत असून कोल्हापूरच्या धंद्याशी तिचा संबंध नाही, हा पहिला समज इतिहासाला धरून नाही. हुपरीतील चांदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाटले गेले आहे आणि 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पलही मोठ्या प्रमाणावर कारागिरांच्या राहत्या घरीच तयार होते. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे उदाहरण तर या विषयात पाठ्यपुस्तकाच्या तोडीचे आहे. तेथे पीठ केंद्रावर एकाच मापाने मळले जाते, सदस्य भगिनी ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड केंद्रावर परत आणून देतात, म्हणजे हजारो लाटणाऱ्या हातांसाठी संस्थेला एकही मोठी शेड बांधावी लागत नाही. नवे आहे ते इतकेच की पूर्वी माल घरी जात असे आणि आता कागद, हिशेब व नकाशेही जाऊ शकतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज दुसरा आहे: चार माणसांपैकी दोघांना घरी बसवले की कार्यालयाचा निम्मा खर्च वाचतो. समजा, एखाद्या पेढीच्या गाळ्याचे भाडे महिना 20,000 रुपये आहे आणि वीज, पाणी व साफसफाईला 4,000 रुपये लागतात. चार खुर्च्यांवर हा खर्च वाटला तर प्रत्येकी 6,000 रुपये येतात, म्हणून दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या की 12,000 रुपये वाचतील, असे गणित कागदावर मांडले जाते. प्रत्यक्षात घरमालक भाडे खुर्च्यांवर मोजत नाही. विजेत आणि चहात फार तर 1,000 रुपयांचा फरक पडतो, आणि दोघांना घरच्या इंटरनेटसाठी प्रत्येकी 600 रुपये दिले तर महिनाअखेर 200 रुपये उलट जास्तच गेलेले असतात. हे आकडे उदाहरणापुरते धरलेले असले, तरी त्यांमागचा नियम पक्का आहे: जागेचा खर्च उताराने कमी होत नाही, पायरीने कमी होतो. अर्धा गाळा मालकाला परत करता आला, कपाटांची खोली दुसऱ्याला देता आली किंवा व्यवसाय वाढत असताना दुसरा गाळा घेण्याची वेळच आली नाही, तरच ती पायरी उतरली असे म्हणता येते. म्हणूनच जुनी पेढी आकसवण्यापेक्षा नवी पेढी सुरुवातीपासून लहान जागेत उभी करण्यात इंटरनेटचा लाभ अधिक पदरात पडतो.

कायद्याला कागदच लागतो आणि माणूस कार्यालयात हजर असावाच लागतो, ही समजूतही आता टिकणारी नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि स्वाक्षरी यांना माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने मान्यता दिली. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 173 नुसार संचालकांना दृक्‌श्राव्य माध्यमातून सभेत भाग घेता येतो. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात आणि मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल कोठूनही काढता येते. मात्र यावरून पत्त्याचीच गरज संपली असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. व्यवसायाचे मुख्य ठिकाण नोंदवावेच लागते, तेथे नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते आणि ठिकाण बदलल्यास 15 दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. वरच्या मजल्यावरचे राहते घरही असे ठिकाण होऊ शकते. त्यासाठी वीजबिल किंवा घरफाळ्याची पावती आणि घर दुसऱ्याच्या नावावर असल्यास त्याचे संमतिपत्र लागते. घराचा व्यापारी वापर झाल्यास वीजदर आणि घरफाळा यांवर काय परिणाम होईल, याची चौकशी महावितरण आणि महापालिका यांच्याकडे आधीच केलेली बरी, कारण वाचलेले भाडे तेथे खर्ची पडू शकते.

घरी बसलेला माणूस काम टाळतो, असे मालक म्हणतात, तर घरी काम जास्तच होते, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीतील दूरध्वनी सेवकांवरचा, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग नेहमी सांगितला जातो; त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. याच्या उलट चेन्नईत माहिती नोंदणाऱ्या कामगारांवर झालेल्या आणि 2023 मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता 18 टक्क्यांनी कमी आढळली, आणि ज्यांनी घरचे काम आपणहून पसंत केले होते त्यांच्यात ही घट अधिक होती. भारतीय वाचकाने चेन्नईचा निष्कर्ष अधिक गांभीर्याने घ्यावा, कारण येथे प्रश्न माणसाच्या नियतीचा नसून घराचा असतो. दोन खोल्यांत पाच माणसे, एकच पंखा, दुपारी येणारे पाहुणे आणि स्वयंपाकघरातून होणारी हाक, यांत खतावणीचा मेळ घालणे अवघड असते, आणि काम करणारी स्त्री असेल तर त्या हाकेला ओ देण्याची अपेक्षा तिच्याकडूनच केली जाते.

साधने फुकट आहेत, हा समज तुलनेने लवकर निकालात काढता येतो. कर्मचाऱ्याच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांचे क्रमांक, त्याच्याच ई-मेलवर दरपत्रके आणि त्याच्याच डोक्यात पासवर्ड असतील, तर पेढीची मालमत्ता त्याच्या खिशात असते आणि तो गेला की तीही जाते. पेढीच्या नावाचे ई-मेल खाते, प्रत्येकासाठी वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी आणि रोजच्या रोज दुसऱ्या ठिकाणी साठवलेली प्रत यांवर होणारा खर्च हा वरकड खर्चच आहे आणि तो प्रामाणिकपणे त्याच रकान्यात मांडला पाहिजे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झालीच तर 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे.

दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतील दुकानांत पाणी शिरले, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि जुलै 2021 मध्ये तो पुन्हा बंद पडला. पुरात वीज आणि इंटरनेटही तुटू शकते, म्हणून घरून काम हा महापुरावरचा उपाय नव्हे. पण भिजलेली खतावणी वाळवून वाचता येत नाही आणि दूरच्या संगणकावर सुरक्षित असलेला हिशेब पाणी ओसरल्यावर जसाच्या तसा मिळतो.

अखेरचा आणि सर्वांत गंभीर गैरसमज असा की जो खर्च पेढीच्या वहीतून गेला तो संपला. अनेकदा तो फक्त कर्मचाऱ्याच्या घरी जातो: वीज त्याची, टेबल त्याचे, इंटरनेट त्याचे आणि जागाही त्याचीच. लिज्जतमध्ये लाटणारी भगिनी संस्थेची सहमालक असते आणि नफ्यातील वाटा तिला मिळतो, म्हणून आपले घर कामाला देणे तिला परवडते. पगारावर काम करणाऱ्या हिशेबनिसाला असा वाटा नसतो, तेव्हा त्याच्या घराचा वापर फुकट धरणे ही बचत नव्हे, ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली उचल आहे. गाळा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी व्यावसायिकाने तीन महिन्यांचा खर्च दोन रकान्यांत, एक पेढीचा आणि एक कर्मचाऱ्यांच्या घरांचा, लिहून काढावा आणि दुसऱ्या रकान्यातील रक्कम भत्ता म्हणून दिल्यानंतरही शिल्लक उरत असेल तरच घरमालकाकडे जावे.