नागार्जुनसागर : जलाशय आणि त्याखालचा लेख

कृष्णा नदीवरील नागार्जुनसागर हे दगडी बांधकामाचे, सुमारे १२४ मीटर उंचीचे धरण होय. १० डिसेंबर १९५५ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ४ ऑगस्ट १९६७ रोजी इंदिरा गांधींनी कालव्यांत पाणी सोडले.

सिंचन आणि वीज ही प्रयोजने एका दमात उच्चारली जातात. पाण्याच्या वाटा मात्र निराळ्या आहेत. कालव्यांचे पाणी जलाशयातूनच, वरच्या पातळीवरून, दोन्ही काठांच्या शेतांकडे वळते. मुख्य वीजगृहातून उतरलेले पाणी पुन्हा नदीत जाते आणि विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यापाशी अडून त्रिभुज प्रदेशातील शेतीला मिळते. त्यामुळे वीज केव्हा निर्माण करावी हा प्रश्न पाणी कोणाला द्यावे या प्रश्नापासून सुटा राहत नाही. २०१४ मध्ये डावा काठ तेलंगणात व उजवा आंध्र प्रदेशात गेला; नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस तर दोन्ही राज्यांचे पोलीस धरणावरच समोरासमोर आले.

तौलनिक अभ्यासकाला या वादाइतकाच जलाशयाचा तळ महत्त्वाचा वाटावा. तेथे इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतील इक्ष्वाकू राजांची विजयपुरी होती. १९२६ साली हे अवशेष उजेडात आले. धरण होणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात तेथे विस्तृत उत्खनन झाले. निवडक वास्तू हलवून नागार्जुनकोंडा टेकडीवर (ती आता बेट झाली आहे) आणि अनुपू येथे पुन्हा उभारण्यात आल्या.

येथील लेखांपैकी वीरपुरुषदत्ताच्या चौदाव्या राज्यवर्षातील एक प्राकृत दानलेख विशेष बोलका आहे. बोधिसिरी नावाच्या उपासिकेने तो कोरवून घेतला. ताम्रपर्णीच्या म्हणजे सिंहलच्या आचार्यांनी ज्या प्रदेशांत धर्मप्रसार केला त्यांची यादी त्यात येते : काश्मीर, गांधार, चीन, तोसली, वंग, वनवासी, यवन, दमिळ इत्यादी. तीत ‘अवरंत’ म्हणजे अपरान्त, आजचे कोकणही आहे. कृष्णेच्या उगमापलीकडचा घाटाखालचा मुलूख कृष्णेकाठच्या दगडावर असा नोंदलेला सापडतो. साहित्यव्यवहाराचा भूगोल आखताना आधुनिक भाषिक प्रांतांच्या सीमा किती अपुऱ्या पडतात, याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

लेखाचे वाचन झाले, ठसेही उरले. तथापि दान कोठे दिले हे सांगताना लेख विजयपुरीच्या पूर्व दिशेचा निर्देश करतो. नगरीच पाण्याखाली गेल्यामुळे ती दिशा आता उत्खननाच्या नकाशावरच दाखवावी लागते.