गिअर टाकणारी तार

जुन्या कॅमेरो-कॉर्व्हेटवाल्यांसाठी. जीएमचा ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स १९८२ साली आला. त्यात संगणक नाही. इंजिनाच्या थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत एक तार जाते, तिला टीव्ही केबल म्हणतात. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, दूरदर्शन नव्हे!

पुष्कळ जण गिअर लवकर-उशिरा पडावा म्हणून ही तार ओढत-सोडत बसतात. तिथेच घोळ होतो. पाय किती दाबलाय हे तार बॉक्सला सांगते आणि त्यानुसार आत तेलाचा दाब वाढतो. तार सैल राहिली तर गिअर लवकर आणि अगदी लोण्यासारखा पडतो. चालवणारा खूश! पण दाब अपुरा असल्याने क्लच घसरत असतात; तिसऱ्या-चौथ्याचा क्लच आधी जळतो. तार जास्त ताणली तर गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतो.

लावायची कशी? इंजिन बंद. अॅडजस्टरचं बटण दाबून सरकती नळी पूर्ण मागे ढकला, बटण सोडा, मग थ्रॉटल हाताने पूर्ण उघडा. टक् टक् टक् करत नळी आपली जागा घेते. कार्ब्युरेटर बदलला असेल तर तार जिथे अडकते तिथली भूमिती बिघडते. योग्य ब्रॅकेटशिवाय गाडी बाहेर काढूच नका.

पूर्ण पाय दाबल्यावर किती आरपीएमला गिअर पडावा, हे ठरतं बॉक्समधल्या गव्हर्नरच्या वजनांवर आणि स्प्रिंगांवर. तिथे हात घालण्याआधी तेलाचा दाब बघायला प्रेशर गेज लावा.