कार्यालयातील घड्याळांचा मेळ

संगणकातील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. हा स्फटिक सामान्यतः सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, परंतु तापमान बदलले किंवा स्फटिक जुना झाला की ही गती किंचित ढळते, आणि दहा लाखांत वीस भाग एवढी क्षुल्लक वाटणारी चूकही दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांची होते. कार्यालयाच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्र असे आपापल्या दिशेने भरकटू लागले, तर कोणती घटना आधी घडली हे नोंदींवरून ठरवता येत नाही. विंडोज डोमेनमध्ये ओळख पटवणारी कर्बेरॉस पद्धत तर मूळ मांडणीनुसार पाच मिनिटांहून अधिक तफावत आढळल्यास प्रवेशच नाकारते.

यावरचा उपाय म्हणजे डेव्हिड मिल्स या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने विकसित केलेली व १९८५ मध्ये तांत्रिक दस्तऐवजात मांडलेली नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, अर्थात एनटीपी, ही नियमावली होय. तिचे खरे सौंदर्य असे की विचारणा निघाल्याची, ती सर्व्हरला पोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि ते परत आल्याची अशा चार वेळा टिपून, जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो असे गृहीत धरून, ती दोन घड्याळांमधील अंतर काढते, आणि ते लहान असल्यास काटा एकदम न सरकवता घड्याळाची गतीच हळूहळू जुळवते. कारण वेळ अचानक मागे गेली तर नोंदींचा क्रमच उलटतो.

कार्यालयातील एकदोन सर्व्हरांनी बाहेरून वेळ घ्यावी व उरलेल्या यंत्रांनी त्यांच्याकडून, हीच रचना योग्य. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ही वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या सर्व्हरांशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी, जुळवावी लागते.