पुढे पाठवलेल्या मजकुराची चिकित्सा

१९९० साली लोटस या अमेरिकन कंपनीने इक्विफॅक्सच्या सहकार्याने एक सीडी-रॉम जाहीर केली. तीत सुमारे १२ कोटी अमेरिकनांची नावे, पत्ते आणि खरेदीच्या सवयींचे अंदाज असणार होते. निषेधाची पत्रे ई-मेल व यूजनेटवरून फिरली, तीस हजारांहून अधिक लोकांनी आपले नाव वगळण्यास कळवले आणि जानेवारी १९९१मध्ये लोटसने माघार घेतली.

या आंदोलनाची चिकित्सा लॉरा गुरॅक यांनी ‘पर्स्युएशन अँड प्रायव्हसी इन सायबरस्पेस’ (१९९७) या ग्रंथात केली आहे. वक्तृत्वशास्त्राची अभ्यासपद्धती शिकू पाहणाऱ्याने तो अवश्य वाचावा. ॲरिस्टॉटलने वक्त्याच्या विश्वासार्हतेला महत्त्व दिले. पण वक्ता दिसतच नसेल, तर विश्वास कशावर बसतो? गुरॅक यांच्या मते, समूहाच्या सामायिक भूमिकेवर. म्हणूनच चुकीचे तपशीलही न तपासता पुढे गेले. (आपल्या नातेवाइकांचे व्हॉट्सॲप गट आठवावेत!)

तेव्हा केवळ शब्द मोजून भागत नाही. मजकूर कोठून निघाला, वाटेत काय बदलले, हे क्रमाने लावावे लागते. मराठीत आणखी एक पेच येतो: रोमन लिपीत ‘आहे’ तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे यांत्रिक शोधातून निम्मा मजकूर निसटू शकतो.

नैतिक प्रश्न याहून कठीण आहे. असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्सच्या २००२च्या मार्गदर्शिकेने साचेबंद नियम न देता प्रश्न विचारले. उदाहरणार्थ, लिहिणाऱ्याची खासगीपणाची अपेक्षा काय होती? नाव वगळले तरी शब्दशः उद्धृत केलेले वाक्य शोधयंत्रात टाकताच लेखक सापडू शकतो.